न्यायालयाकडून राष्ट्रीय राजकारणाकडे : डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांची वाटचाल आणि नागपूरच्या परिषदा (१९२०–१९४२)

सारांश

डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि नागपूर यांचा संबंध म्हटला की १४ ऑक्टोबर १९५६ चा धम्मदीक्षेचा सोहळा डोळ्यांपुढे येतो. त्या घटनेचे महत्त्व निर्विवाद आहे. तथापि तिच्या तेजामुळे त्यापूर्वीचा नागपूरचा राजकीय इतिहास काहीसा झाकोळला गेला आहे. १९२३ मध्ये वकिलीस प्रारंभ करणारे, नागरी हक्कांसाठी न्यायालयात उभे राहणारे एक बॅरिस्टर १९४२ मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात पोहोचले. या प्रवासातील तीन निर्णायक टप्पे नागपूर परिसरात घडले. न्यायालयीन लढ्याच्या मर्यादा आणि नागपूरच्या श्रमिक समाजाचे संघटनबळ या दोन घटकांच्या आधारे या प्रवासाचे विश्लेषण करणे हा प्रस्तुत शोधनिबंधाचा हेतू आहे.

प्रस्तावना

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून भारतीय राजकारणात वकिलांचे प्राबल्य होते. फिरोजशहा मेहता, मोतीलाल नेहरू, चित्तरंजन दास, महंमद अली जिना ही नावे याची साक्ष देतात. नागपूरपुरते पाहिल्यास बॅरिस्टर मोरोपंत अभ्यंकर यांचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागते. या बहुतेकांच्या बाबतीत वकिलीने प्रतिष्ठा व आर्थिक स्थैर्य दिले आणि त्या पायावर राजकारण उभे राहिले. डॉ. आंबेडकरांचा मार्ग यापेक्षा भिन्न होता. वकिलीने त्यांना संपत्ती दिली नाही. कायद्याने काय मिळू शकते आणि काय मिळू शकत नाही याचे ज्ञान मात्र दिले. त्यांच्या राजकारणाचे मूळ या ज्ञानात शोधावे लागते.

उद्दिष्टे व अभ्यासपद्धती

प्रस्तुत अभ्यासाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत : (१) नागरी हक्कांचे वकील म्हणून डॉ. आंबेडकरांनी केलेल्या कार्याचा परामर्श घेणे. (२) चवदार तळ्याच्या दाव्यातून स्पष्ट झालेल्या कायद्याच्या मर्यादा पाहणे. (३) १९२०, १९३० व १९४२ च्या नागपूर परिषदांचे त्यांच्या राष्ट्रीय नेतृत्वातील स्थान निश्चित करणे. यासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून प्रकाशित भाषणे, न्यायनिर्णय, समित्यांचे अहवाल व चरित्रग्रंथ यांतून सर्वपरिचित झालेल्या माहितीची नव्याने मांडणी केली आहे.

इतवारी आणि श्रमिकांचे नागपूर

भोसल्यांच्या राजधानीचा राजकीय मान महाल भागाकडे होता, तर व्यापाराचा मान इतवारीकडे. नावातच रविवारच्या बाजाराची खूण बाळगणारी ही पेठ कापड, धान्य आणि सराफा यांसाठी साऱ्या विदर्भात परिचित आहे. या बाजाराच्या भोवती कोष्टी, मोमीन आणि महार विणकरांचे श्रम उभे होते. मध्य प्रांतातील महार समाजाचा एक मोठा भाग जाडेभरडे सुती कापड विणण्याचा व्यवसाय करीत असे, याची नोंद रसेल व हिरालाल यांच्या १९१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथातही आढळते. विणणाऱ्याच्या स्पर्शाचा विटाळ मानणारा समाज त्याने विणलेले कापड मात्र निःसंकोचपणे अंगावर वागवीत होता. अस्पृश्यतेतील हा अंतर्विरोध बाजारपेठेत जितका उघड दिसतो, तितका अन्यत्र क्वचितच दिसतो.

१ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटा यांची एम्प्रेस मिल नागपुरात सुरू झाली. गिरणीच्या कापडापुढे हातमाग टिकणे कठीण होते. विणकरांपैकी अनेकजण गिरणी कामगार झाले. हातमागाच्या ऱ्हासाने दुःख आणले, हे खरेच. परंतु या स्थित्यंतराचा आणखी एक परिणाम झाला. गिरणीत वेतन रोख मिळत असे. गावकीच्या कामाच्या मोबदल्यात बलुते मागणाऱ्या मनुष्याचा उदरनिर्वाह गावाच्या मर्जीवर अवलंबून असतो. गिरणीच्या वेतनावर जगणाऱ्याचा तितका नसतो. म्हणूनच वर्गणी गोळा करणे, शाळा चालविणे, वृत्तपत्र काढणे अशी कामे नागपुरात तुलनेने लवकर सुरू झाली. मोहपा येथे १८७९ मध्ये जन्मलेले किसन फागोजी बनसोडे यांनी शिक्षणप्रसार, कामगार संघटन आणि वृत्तपत्रे या तिन्ही क्षेत्रांत कार्य केले. त्यांनी काढलेल्या पत्रांमध्ये ‘मजूर पत्रिका’ व ‘चोखामेळा’ यांचा समावेश होतो. जाईबाई चौधरी यांनी नागपुरात मुलींसाठी शाळा चालविली. डॉ. आंबेडकर नागपुरात आले तेव्हा येथील भूमी अशा रीतीने आधीच नांगरलेली होती.

पहिला टप्पा : १९२० ची परिषद

३० मे ते १ जून १९२० या काळात राजर्षी शाहू महाराजांच्या अध्यक्षतेखाली नागपूर येथे अखिल भारतीय बहिष्कृत परिषद भरली. डॉ. आंबेडकर तेव्हा वकील नव्हते. मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात अध्यापन करून ते अपुरा राहिलेला अभ्यास पूर्ण करण्यासाठी लंडनला परतण्याच्या तयारीत होते. ‘मूकनायक’ त्याच वर्षी ३१ जानेवारीला सुरू झाले होते.

या परिषदेतील वादाचा विषय वरकरणी तांत्रिक होता. कायदेमंडळात अस्पृश्यांचे प्रतिनिधी कोणी निवडावेत? महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांच्या डिप्रेस्ड क्लासेस मिशनने अशी भूमिका घेतली होती की, ही निवड सरकारने अथवा अस्पृश्यांच्या संस्थांनी न करता कायदेमंडळाच्या निर्वाचित सदस्यांनी करावी. विदर्भातील नेते गणेश आकाजी गवई यांचा या मिशनशी संबंध होता. डॉ. आंबेडकरांनी या भूमिकेस कठोर विरोध केला आणि परिषदेचे मत आपल्या बाजूने वळविले. स्पृश्य सदस्यांनी निवडलेला अस्पृश्य प्रतिनिधी कोणाला उत्तरदायी राहील, हा त्यांचा प्रश्न होता. पुढे गोलमेज परिषदेत आणि पुणे कराराच्या वेळी ज्या प्रश्नाने देश ढवळून निघाला, तो प्रश्न बीजरूपाने नागपुरात १९२० मध्येच मांडला गेला होता.

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये नागपुरातच काँग्रेसचे अधिवेशन भरले. असहकाराच्या ठरावात अस्पृश्यता निवारणाचे आवाहन अंतर्भूत करण्यात आले. एकाच शहरात, एकाच वर्षी, एकाच प्रश्नाची दोन उत्तरे दिली गेली. एक उत्तर स्पृश्यांच्या हृदयपरिवर्तनाचे होते, दुसरे अस्पृश्यांच्या प्रतिनिधित्वाचे.

वकिलीची वर्षे

२८ जून १९२२ रोजी ग्रेज इन या संस्थेतून डॉ. आंबेडकर बॅरिस्टर झाले आणि १९२३ च्या मध्यास त्यांनी मुंबई उच्च न्यायालयात वकिलीस प्रारंभ केला. सनद मिळविण्यासाठी लागणारे पैसे मित्र नवल भथेना यांच्याकडून घ्यावे लागले. अस्पृश्य बॅरिस्टरकडे मोठ्या सॉलिसिटर पेढ्या कामे देत नसत. परळच्या दामोदर हॉलमधील त्यांच्या कार्यालयात येणारे पक्षकार प्रामुख्याने गरीब होते.

तरीही त्यांनी स्वीकारलेल्या काही खटल्यांवरून त्यांची दिशा स्पष्ट होते. १९२६ मध्ये ‘देशाचे दुश्मन’ या पुस्तकावरील बदनामीच्या खटल्यात त्यांनी दिनकरराव जवळकर, केशवराव जेधे आदी ब्राह्मणेतर कार्यकर्त्यांच्या बाजूने अपील चालविले व ते जिंकले. १९३४ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ मासिकावरील अश्लीलतेच्या खटल्यात ते र. धों. कर्वे यांच्या बाजूने उभे राहिले. तो खटला मात्र ते हरले. या दोन्ही प्रकरणांत पक्षकार अस्पृश्य नव्हते. प्रश्न मतस्वातंत्र्याचा होता. डॉ. आंबेडकरांची नागरी हक्कांची कल्पना एका जातीपुरती मर्यादित नव्हती, हे यावरून लक्षात येते.

चवदार तळ्याचा दावा : कायद्याची कसोटी

नागरी हक्कांच्या लढ्यातील सर्वांत महत्त्वाचा दावा महाडचा होय. सी. के. बोले यांच्या ठरावानुसार ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदेमंडळाने सार्वजनिक निधीतून बांधलेली वा चालविलेली पाणवठे, विहिरी व धर्मशाळा ही स्थळे अस्पृश्यांस खुली करण्याची शिफारस केली. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये त्यास अनुसरून चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. ठराव कागदावर राहिला. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली हजारो लोकांनी तळ्याचे पाणी प्राशन केले, तेव्हा तो प्रथम अमलात आला आणि त्याच दिवशी त्यांच्यावर हल्ले झाले. पुढे ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला.

डिसेंबर १९२७ मध्ये दुसऱ्या सत्याग्रहाची सिद्धता होत असतानाच स्पृश्य मंडळींनी महाडच्या न्यायालयात दावा दाखल करून तात्पुरता मनाई हुकूम मिळविला. डॉ. आंबेडकर स्वतः प्रतिवादी होते. समोर हजारो प्रतिनिधी तळ्याकडे जाण्यास उत्सुक होते. २५ डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन झाले. परंतु तळ्यावरील सत्याग्रह दाव्याचा निकाल लागेपर्यंत तहकूब करण्यात आला. धर्मशास्त्राचा ग्रंथ जाळणाऱ्या नेत्याने दिवाणी न्यायालयाचा हुकूम पाळला. यात विसंगती नाही. ज्या व्यवस्थेत आपणास समानतेचा दावा करता येतो ती व्यवस्था मोडू नये आणि ज्या व्यवस्थेत तो दावाच करता येत नाही ती मानू नये, असा हा विवेक होता. मात्र त्याची किंमत मोठी होती. कनिष्ठ न्यायालयाचा निकाल १९३१ मध्ये, ठाण्याच्या अपिलाचा १९३३ मध्ये आणि मुंबई उच्च न्यायालयाचा १७ मार्च १९३७ रोजी लागला. पाण्याचा घोट घेतल्यापासून दहा वर्षे पूर्ण होण्यास तीनच दिवस उरले होते.

तिन्ही न्यायालयांत डॉ. आंबेडकरांचा विजय झाला. परंतु त्या विजयाचा आधार काळजीपूर्वक पाहिला पाहिजे. न्या. ब्रूमफील्ड व न्या. वाडिया यांनी असा निर्णय दिला की, अस्पृश्यांना वगळण्याची रूढी अनादी काळापासून चालत आली आहे हे वादींना सिद्ध करता आले नाही. ती सिद्ध झाली असती तर ती अवाजवी अथवा सार्वजनिक धोरणाविरुद्ध आहे काय, याचा विचार कदाचित करावा लागला असता, असे न्यायालयाने सूचित केले. अर्थात अस्पृश्यता अन्याय्य आहे असे न्यायालयाने म्हटले नाही. विरोधकांचा पुरावा अपुरा पडला, इतकेच म्हटले. एखाद्या समाजाचा पाण्यावरील हक्क प्रतिपक्षाच्या पुराव्यातील उणिवेवर अवलंबून राहावा, ही स्थिती कोणत्याही नागरी हक्काच्या वकिलास समाधान देणारी नव्हती. न्यायाधीश कायद्याचा अर्थ लावू शकतो, तो निर्माण करू शकत नाही. कायदा निर्माण करावयाचा तर कायदेमंडळात जावे लागते आणि तेथे स्वतःच्या समाजाच्या बळावर जावे लागते.

या जाणिवेस शासकीय अहवालाचाही आधार मिळाला. मुंबई सरकारने १९२८ मध्ये नेमलेल्या स्टार्ट समितीचे डॉ. आंबेडकर सदस्य होते. समितीच्या १९३० च्या अहवालात सामाजिक बहिष्कार हे स्पृश्यांच्या हातातील अत्यंत परिणामकारक शस्त्र असल्याचे नमूद झाले. हक्क बजावणाऱ्यास काम नाकारणे, जमीन काढून घेणे, दुकानातून जिन्नस न देणे या कृत्यांविरुद्ध प्रचलित कायद्यात पुरेसा उपाय नव्हता. शहरातील स्थितीही निर्दोष नव्हती. मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्यात अस्पृश्यांना प्रवेश नसे. कारण तेथे धाग्याला तोंड लावावे लागे. १९२८ च्या संपाच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न कामगार नेत्यांपुढे आग्रहाने मांडला.

दुसरा टप्पा : ऑगस्ट १९३० आणि कामठी

डॉ. आंबेडकर १९२७ पासून मुंबई कायदेमंडळाचे नियुक्त सदस्य होते. १९२८ मध्ये त्यांनी सायमन आयोगापुढे साक्ष दिली. परंतु त्यांचे कार्यक्षेत्र मुंबई प्रांत हे होते. ८ ऑगस्ट १९३० रोजी नागपूर येथे अखिल भारतीय दलित काँग्रेसच्या अधिवेशनाचे अध्यक्षस्थान त्यांनी स्वीकारले आणि ही मर्यादा ओलांडली गेली.

काळ मोठा आणीबाणीचा होता. सविनय कायदेभंगाची चळवळ सुरू होती आणि सायमन आयोगाचा अहवाल नुकताच प्रसिद्ध झाला होता. अध्यक्षीय भाषणात त्यांनी दोन आघाड्यांवर युक्तिवाद केला. जाती, भाषा व धर्म यांची विविधता असल्याने भारत स्वराज्यास अपात्र आहे, हे म्हणणे त्यांनी खोडून काढले. महायुद्धानंतर स्वतंत्र झालेल्या लॅटव्हिया, लिथुआनिया, झेकोस्लोव्हाकिया आदी राष्ट्रांतील विविधतेचे दाखले त्यांनी दिले. इंग्रजी राज्याने अस्पृश्यता दूर केली नाही, असा त्यांचा स्पष्ट आरोप होता. दुसरीकडे, येणाऱ्या स्वराज्यात राजकीय सत्तेचा वाटा अस्पृश्यांच्या हाती नसेल तर ते राज्य त्यांच्यासाठी परक्या राज्याहून वेगळे ठरणार नाही, अशीही त्यांची मांडणी होती. अस्पृश्य उमेदवाराच्या योग्यतेचा दाखला गव्हर्नरने द्यावा, ही सायमन आयोगाची सूचना त्यांना अमान्य होती. दहा वर्षांपूर्वी याच शहरात विचारलेला ‘प्रतिनिधी कोणाचा’ हा प्रश्न येथे नव्या संदर्भात पुन्हा उभा राहिला.

त्यानंतर दोन महिन्यांच्या आत, ४ ऑक्टोबर १९३० रोजी, ते गोलमेज परिषदेसाठी लंडनला निघाले. तेथे त्यांनी व रेट्टमलई श्रीनिवासन यांनी सादर केलेल्या निवेदनावर वकिलाची मुद्रा स्पष्ट उमटलेली आहे. समान नागरिकत्वाच्या भंगास शिक्षा असावी, ही मागणी करताना अमेरिकेत गुलामगिरीच्या अंतानंतर कृष्णवर्णीयांसाठी झालेल्या १८६६ व १८७५ च्या नागरी हक्क कायद्यांचा आधार घेण्यात आला होता. सामाजिक बहिष्कारास गुन्हा ठरविण्यासाठी ब्रह्मदेशातील १९२२ च्या बहिष्कारविरोधी कायद्याचा आदर्श पुढे ठेवला होता. महाडच्या न्यायालयात जे मागता येत नव्हते, ते घटनेकडे मागितले गेले.

१९३२ च्या प्रारंभी हिंदुमहासभेचे नेते नागपूरचे डॉ. बा. शि. मुंजे आणि मद्रासचे एम. सी. राजा यांच्यात संयुक्त मतदारसंघाचा करार झाला. त्यामुळे नागपूर परिसर हे वादाचे केंद्र बनले. गवई यांचा कल संयुक्त मतदारसंघाकडे होता. इतवारीहून लोहमार्गाने जवळच असलेल्या कामठी येथे ७ मे १९३२ रोजी दलित काँग्रेसचे अधिवेशन भरले व त्याने राजा–मुंजे करार नाकारून स्वतंत्र मतदारसंघांचा पुरस्कार केला. कामठीचे तरुण कार्यकर्ते बाबू हरदास यांचा या संघटनकार्यात मोठा वाटा होता. विरोधकांच्या बालेकिल्ल्यालगत मिळालेला हा कौल महत्त्वपूर्ण होता, कारण डॉ. आंबेडकर हे केवळ मुंबईचे नेते आहेत, या आक्षेपास ते उत्तर होते.

पुढे म. गांधींच्या उपोषणामुळे २४ सप्टेंबर १९३२ रोजी पुणे करार झाला आणि स्वतंत्र मतदारसंघ सोडावे लागले. प्रांतिक कायदेमंडळांत १४८ राखीव जागा मान्य झाल्या. त्यांपैकी २० मध्य प्रांतास मिळाल्या. १९३७ च्या निवडणुकीत बाबू हरदास नागपूर–कामठीतून विधानसभेवर निवडून आले. वयाच्या पस्तिसाव्या वर्षी, जानेवारी १९३९ मध्ये त्यांचे निधन झाले.

तिसरा टप्पा : जुलै १९४२

जुलै १९४२ च्या प्रारंभी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात डॉ. आंबेडकरांची नियुक्ती जाहीर झाली. मजूर खाते त्यांच्याकडे यावयाचे होते. सत्ताग्रहणाच्या उंबरठ्यावर असताना ते १८ व १९ जुलैच्या अखिल भारतीय दलित परिषदेसाठी नागपुरास आले. एन. शिवराज अध्यक्ष होते. उपस्थिती सत्तर हजारांच्या आसपास असल्याचे वृत्तान्त सांगतात. क्रिप्स योजनेचा निषेध करण्यात आला आणि अखिल भारतीय शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या स्थापनेचा ठराव संमत झाला. १९३६ चा स्वतंत्र मजूर पक्ष मुख्यतः मुंबई व मध्य प्रांत–वऱ्हाडापुरता होता. फेडरेशनचे स्वरूप अखिल भारतीय होते.

२० जुलै रोजी अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली महिला परिषद झाली. घटस्फोटाचा अधिकार, बहुपत्नीत्वास प्रतिबंध, कामगार स्त्रियांसाठी रजा अशा मागण्या तेथे करण्यात आल्या. समाजाच्या प्रगतीचे मोजमाप स्त्रियांच्या प्रगतीवरून करावे, हा विचार डॉ. आंबेडकरांनी तेथे मांडला. घटस्फोट व एकपत्नीत्व यांचा पुरस्कार करणारे हिंदू कोड बिल पुढे त्यांनी विधिमंत्री या नात्याने चालविले. त्याआधीच नागपूरच्या श्रमिक स्त्रियांनी त्याच दिशेचे ठराव संमत केले होते, याकडे अभ्यासकांचे फारसे लक्ष गेलेले नाही.

विश्लेषण

वरील तीन टप्प्यांतून एक सूत्र हाती लागते. १९२० मध्ये प्रतिनिधित्वाचे तत्त्व, १९३० मध्ये राष्ट्रीय व्यासपीठ आणि १९४२ मध्ये राष्ट्रीय पक्ष अशी ही चढती श्रेणी आहे. केवळ भौगोलिक मध्यवर्तीपणा, रेल्वेची सोय हे कारण पुरेसे नाही. तशी सोय इतर शहरांतही होती. विणकर व गिरणी कामगार यांच्या रोख वेतनावर उभा राहिलेला, शाळा व वृत्तपत्रे चालविण्याचा अनुभव असलेला समाज नागपुरात होता. महाडच्या खेड्यापाड्यांत बहिष्काराने जे साध्य झाले, ते गिरणीच्या शहरात तितक्या सहजपणे होऊ शकत नव्हते. नागपुरात वाढलेल्या वसंत मून यांच्या ‘वस्ती’ या आत्मकथनातून या सामूहिक जीवनाचा प्रत्यय येतो.

येथे एका आक्षेपाचा विचार करणे आवश्यक आहे. राजकारणानेही डॉ. आंबेडकरांना अपेक्षित ते दिले काय? १९५२ च्या लोकसभा निवडणुकीत मुंबईत आणि १९५४ च्या पोटनिवडणुकीत नागपूरशेजारच्या भंडाऱ्यात त्यांचा पराभव झाला. संयुक्त मतदारसंघाविषयीची त्यांची भीती त्यांच्याच बाबतीत खरी ठरली, असे म्हणता येईल. तथापि राजकारणाच्या मार्गानेच ते घटनेच्या मसुदा समितीपर्यंत पोहोचले, हेही तितकेच खरे. भारतीय राज्यघटनेच्या अनुच्छेद १५ मध्ये सार्वजनिक निधीतून राखलेल्या विहिरी, तलाव व स्नानघाट यांचा स्पष्ट उल्लेख आहे. १९२३ च्या बोले ठरावाशी त्याचे साम्य लक्षणीय आहे. शिफारस होती, तिचा आदेश झाला. अनुच्छेद १७ ने अस्पृश्यताच नष्ट केली; त्यामुळे रूढी अनादी आहे की नाही, हा १९३७ चा प्रश्न कायमचा निरर्थक ठरला.

निष्कर्ष

१. डॉ. आंबेडकरांचा राष्ट्रीय राजकारणातील प्रवेश हा वकिलीचा त्याग नसून न्यायालयीन अनुभवाची तर्कसंगत परिणती होय.
२. चवदार तळ्याचा दावा जिंकला गेला. पण तो ज्या आधारावर जिंकला गेला, त्यानेच कायदेनिर्मितीतील सहभागाची अनिवार्यता सिद्ध केली.
३. १९२०, १९३० व १९४२ च्या नागपूर परिषदा या सुट्या घटना नसून एकाच विचाराच्या विकासाचे टप्पे आहेत.
४. या परिषदांमागे विणकर, गिरणी कामगार आणि स्त्रिया यांचे संघटित बळ होते. १९५६ चा जनसमुदाय अकस्मात जमलेला नव्हता. त्याची घडण किमान साडेतीन दशके चालली होती.

नागपूरच्या इतिहासाचे अध्यापन करताना दीक्षाभूमीबरोबरच या पूर्वपीठिकेसही स्थान मिळणे अगत्याचे आहे. इतवारीच्या बाजारात विकल्या गेलेल्या कापडाचे हिशेब व्यापाऱ्यांच्या वह्यांत लिहिले गेले; ते विणणाऱ्यांनी परिषदांसाठी दिलेल्या वर्गणीचा आणि श्रमांचा हिशेब इतिहासाने अद्याप पुरता मांडलेला नाही.